गोळीनं धीर वाढतो का?

अनेक आशीर्वाद.

परीक्षेच्या निकालाची वाट बघताना दम निघत नाही, तर सेरोटोनिनच्या गोळ्या घेऊ का, असं तू विचारलंस. सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन. आधी गोळ्यांचं मिटवू. ऑनलाइन मिळणारं ५-एचटीपी, म्हणजे शरीर ज्यापासून सेरोटोनिन बनवतं तो पदार्थ, स्वतःच्या मनानं घेऊ नकोस. डिप्रेशनचं एसएसआरआय गटातलं, म्हणजे सेरोटोनिनचा परिणाम वाढवणारं औषध चालू असेल तर मुळीच नको. दोन्ही मिळून सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: थरथर, ताठलेले स्नायू, ताप, भ्रमिष्टपणा. केळ्यातलं सेरोटोनिन तर रक्तातून मेंदूत शिरतच नाही. केळं भुकेसाठी खा.

आता धीराचं. जपानमध्ये ओकिनावाच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत केंजी दोया यांच्या गटानं उंदरांवर प्रयोग केले. उंदरानं भोकात नाक खुपसून तसंच धरून ठेवायचं, मग खाऊची गोळी मिळते. मध्येच नाक काढलं की गेली. मेंदूच्या बुडाशी डॉर्सल राफे नावाचा भाग आहे. तिथल्या सेरोटोनिन पेशी प्रकाशानं चेतवल्या की उंदीर जास्त वेळ कळ काढतात, हे २०१४ साली दिसलं. खरी गंमत २०१८च्या प्रयोगात आहे. काही खेपांना खाऊची गोळी द्यायचीच नाही आणि उंदीर कधी कंटाळून नाक काढतो ते मोजायचं. गोळी मिळण्याची शक्यता ७५ टक्के होती तेव्हा पेशी चेतवल्यावर थांबणं लांबलं. ५० आणि २५ टक्क्यांवर ढिम्म फरक नाही. म्हणजे मिळण्याचा भरवसा नसेल, तर नुसत्या सेरोटोनिनच्या जोरावर धीर येत नाही.

हे आकडे माणसाला जसेच्या तसे लागू नाहीत, पण दिशा घेण्यासारखी आहे. निकाल तुझ्या हातात नाही. पुढच्या परीक्षेचा अभ्यास आहे. म्हणून खात्रीचं आणि जवळचं काहीतरी मध्ये पेर. घड्याळ लावून २० प्रश्न सोडव, लगेच उत्तरतालिकेशी ताडून बघ, चुकलेले वहीत उतरव, मग चहा. चहा आधी घेतलास तर सगळं मुसळ केरात. आणि प्रश्न सुटले तर चहा ठरल्याप्रमाणे घ्यायचाच, ‘आणखी दहा करू, मग’ असं नाही. बहुतेक जण इथेच घसरतात. महिनाभर राबून रविवारची सुट्टी स्वतःला कबूल करतात आणि ऐनवेळी रद्द करतात. असं दोन-तीनदा झालं की स्वतःच्या शब्दावरचा विश्वास उडतो, मग थांबायचं कशाच्या आशेवर?

निकालाची तारीखही नक्की नसते, ते वेगळंच दुखणं. संकेतस्थळ दिवसातून एकदाच, संध्याकाळी सहाला बघ. फोन पालथा ठेवून भागत नाही, कधीमधी काहीतरी येतं म्हणूनच हात तिकडे जातो. अभ्यासाच्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेव.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल आणि असं दोन आठवडे चाललं असेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घे.