आठवड्याला एक पान

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. आठवड्याला काहीतरी लिहायचं आणि ते लोकांना वाचायला द्यायचं, असं तू ठरवलंयस. त्याआधी मला दोन गोष्टी विचारल्यास: यातून आपल्याला मिळतं काय, आणि सुरुवात कुठून करायची. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. पहिल्याला वेळ लागेल, म्हणून ते आधी घेते.

पैसे मिळत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. नावही फारसं होत नाही. पण दर रविवारी लिहायचं असं एकदा मनाशी पक्कं झालं, की सोमवारपासून आपण बघायला लागतो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या रस्त्यानं मी आयुष्यभर जात आले. संगमेश्वराचं दर्शन घ्यायचं, कृष्णा-वारणेचा संगम बघायचा, शेंगा खात परत यायचं. हळदीच्या पेवांवर लिहायचं ठरवलं तेव्हा तिथं थांबून, बसून, जुन्या माणसांना विचारलं. जमिनीत खोल खणलेलं पेव, तोंड अरुंद आणि पोट ऐसपैस. हळद भरून तोंड बंद केलं की आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. उघडल्यावर मात्र लगेच कुणी आत उतरत नाही, कारण आत कोंडलेली हवा जीव घेऊ शकते. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरून फार नुकसान झालं, त्याबद्दल बोलताना एका आजोबांचा आवाज अजून जड होत होता. मार्केट यार्डात हळदीची पोती मी लहानपणापासून बघत होते. ती हळद आधी कुठं निजून आलेली असते, हे मला त्या एका पानानं शिकवलं.

दुसरी गोष्ट आणखी मोलाची. बोलताना जे आपल्याला पुरतं समजलंय असं वाटतं, ते लिहायला घेतलं की उघडं पडतं. ‘द्राक्षाला भाव मिळत नाही’ हे वाक्य तुझ्या घरी जेवताना रोज होत असेल. ते कागदावर लिही आणि पुढचं वाक्य लिहायचा प्रयत्न कर. कुठल्या द्राक्षाला? सोनाकाला की थॉम्सनला? फेब्रुवारीत की एप्रिलच्या तोंडावर? व्यापारी बागेत येऊन दर ठरवतो तेव्हा हातात रोख देतो की नंतर देतो म्हणतो? नाही पटला दर तर माल किती दिवस वेलीवर थांबतो? बेदाणा करायचा म्हटलं तर साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा पडतो, मग द्राक्षं वाळवायच्या रॅकचं भाडं, मजुरी, कोल्ड स्टोरेज धरून हातात काय उरतं? यातली निम्मी उत्तरं तुला वडिलांना विचारावी लागतील. विचारशील तेव्हा त्यांच्याशी इतक्या वर्षांत झालं नसेल असं बोलणं होईल. माझ्या मते लिहिण्याचं सगळ्यांत मोठं देणं हेच आहे, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. लिहायचं म्हणून आपण घरातल्या माणसांना नीट प्रश्न विचारायला लागतो.

आठवणीचंही तसंच. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 ला धोका, हे आकडे सांगलीतल्या पोराटोरांनाही पाठ आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्या पुढं गेलं. पण आता गल्लीत कुणालाही विचार, 2005 चा पूर, 2019 चा आणि 2021 च्या जुलैतला, तिन्ही एकमेकांत मिसळून गेलेत. दूध कधी बंद झालं, बोट कुठल्या कोपऱ्यापर्यंत आली, कुणाच्या गच्चीवर किती कुटुंबं होती, यावर सख्खे भाऊ वाद घालतात. ज्यानं त्या दिवसांत तारीख घालून चार ओळी लिहिल्या, त्याच्याकडं आज सगळे विचारायला येतात. सरकारी नोंदीत पाण्याची उंची मिळते. कपाटाच्या कितव्या फळीपर्यंत चिखल होता, हे ज्याच्या घरात पाणी शिरलं त्यानंच लिहायचं असतं.

आणि वाचणारे. ते थोडे असतील, पण कुठं कुठं असतील याचा तुला आज अंदाज नाही. खानापूर-आटपाडीकडची आपली गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत पसरलीत. दुकानात दिवसभर परक्या भाषेत बोलायचं आणि रात्री फोनवर गावाकडचं काही वाचायला मिळतंय का बघायचं, असं कितीतरी जणांचं असतं. माणदेशातल्या मेंढरांच्या बाजारावर लिहिलं होतं, तेव्हा तमिळनाडूतून एकाचा लांबलचक निरोप आला. माझ्या लेखापेक्षा त्याचा मजकूर सरस होता. त्यानंतर तो स्वतःच लिहायला लागला. या आनंदाची किंमत मला करता येत नाही.

आता सुरुवात.

‘आपल्या जिल्ह्याची संस्कृती’, ‘शेतकऱ्यांच्या समस्या’ असले विषय घेऊ नकोस. ते कुणीही लिहील आणि कुणीच वाचणार नाही. तुझ्या तासगावात बेदाण्याचे सौदे होतात. एक सौदा बघून ये आणि तेवढाच लिही: माल कसा मांडतात, बोली कोण बोलतो, शेतकरी कुठं उभा असतो, दर पडला की त्याचा चेहरा काय करतो. ऑक्टोबरातल्या द्राक्षछाटणीचा एक दिवस लिही. मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन वाळत टांगलेले भोपळे बघ, एखाद्या कारागिराला एकच प्रश्न विचार आणि तो बोलेल तेवढं लिही. विषय जितका लहान धरशील तितकं तुला त्यात शिरायला मिळेल.

दिवस आणि वेळ ठरव, आणि ती घरच्यांना सांग. आमच्या पिढीतल्या बायकांना ही वेळ मागून घ्यावी लागली, तुलाही थोडीफार मागावी लागेल. संकोच करू नकोस. मूड लागण्याची वाट बघू नकोस, लिहायला बसल्यावर तो येतो, आणि नाही आला तरी पान होतं. एक पान पुरे. पहिल्या महिन्यात तर त्याहून जास्त लिहूच नकोस.

लिहून झालं की मोठ्यानं वाच. जिथं अडखळशील तिथं वाक्य बिघडलेलं असतं. मग काप. तुला हे मी काय सांगू, एप्रिलच्या खरड छाटणीत वेल बोडकी करताना बघणाऱ्याचा जीव तुटतो, पण पुढचं पीक त्यावरच येतं. पहिला परिच्छेद बहुतेक वेळा काढून टाकता येतो, तो आपण स्वतःला तयार करायला लिहिलेला असतो.

भाषा तुझी ठेव. ‘जाऊन आलोय की’, ‘काय करालाईस’ हे जसं ऐकू येतं तसं बोलणाऱ्याच्या तोंडी येऊ दे. प्रमाण मराठी चांगली आहे, मी जन्मभर तीच शिकवली. पण तुझ्या आजीनं सांगितलेली गोष्ट पुस्तकी मराठीत आली तर त्यात आजी राहत नाही. शुद्धलेखनाकडं मात्र लक्ष दे. ऱ्हस्व-दीर्घाला पर्याय नाही.

माहिती तपासून घे. ऐकीव गोष्ट असेल तर ‘असं सांगतात’ म्हणावं. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली आकाराला आलेला मराठी विश्वकोश आता फोनवर फुकट वाचता येतो, तो आधी उघडत जा. गावाचं जुनं काही शोधायचं असेल तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 19 वा खंड बघ, 1885 सालचा. तो साताऱ्याचा आहे म्हणून बाजूला ठेवू नकोस. तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यातच होतं. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. जुन्या कागदांत आपला भाग शोधताना अनेकजण इथंच चुकतात.

टायपिंग युनिकोडमध्येच कर. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले माझ्या ओळखीच्यांचे कितीतरी लेख आज उघडले की नुसती चिन्हं दिसतात, मजकूर गेला तो गेलाच. बोलून टाइप करायची सोय वापरलीस तरी हरकत नाही, नंतर डोळ्यांखालून घाल म्हणजे झालं. आणि प्रत्येक पानाची एक प्रत स्वतःकडं ठेव, छापून ठेवलीस तर उत्तम.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. दुसऱ्याचं दुःख त्याला न विचारता लिहायचं नाही. कर्जाचं असो, सोयरिकीचं असो, आजारपणाचं असो. गावात नाव बदलून काही उपयोग होत नाही, सगळ्यांना कळतं. तुझं एक पान कमी झालं तरी चालेल, त्या घराची पुन्हा पायरी चढता आली पाहिजे. स्वतःबद्दल लिहितानाही थोडं मागं ठेव. सगळं लगेच सांगून टाकायचं नसतं.

किती जणांनी वाचलं, अंगठे किती आले, हे बघायची सवय पहिल्या सहा महिन्यांत लावूच नकोस. पाच माणसं नीट वाचतात असं कळलं तरी त्या पाचांसाठी लिही. कुणी वाकडं बोललं तर त्यात चुकीची दुरुस्ती आहे का तेवढं बघ. असेल तर आभार मानून दुरुस्त कर, नसेल तर उत्तर देऊ नकोस. वाद घालण्यात रविवार जातो.

पहिलं पान मला पाठवू नकोस. मी लाल पेन घेऊन बसेन आणि ते तुझं राहणार नाही. चौथं झालं की पाठव, आणि त्यासोबत आधीची तीनही, न सुधारता. संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन असतं, कृष्णेकाठी, दत्ताच्या देवळाजवळ. मी जाते. तू भिलवडीपर्यंत एसटीनं ये, पुढं आपण मिळून जाऊ. वडिलांना सांग, त्या दिवशी बागेत दुसरं कुणीतरी बघेल.

तुझी,
बाई