विचारा तर खरं : उठावाच्या अक्षरांच्या लाकडी पाट्या

प्रश्न : नवीन घरासाठी सागवानी पाटी कोरून घेतलीये, दोन फूट बाय दहा इंच, अक्षरं उठावाची. सुताराने पॉलिश न करताच दिली. अक्षरांमागची जमीन, म्हणजे खोल कोरलेला भाग, गडद अक्रोडी आणि अक्षरं लाकडाच्याच रंगाची ठेवायचीत. तसल्याच एका तुकड्यावर स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) लावून बघितला तर तो अक्षरांवर पसरला आणि मधेमधे काळपट डाग पडले. मास्किंग टेप लावू का? गेट पश्चिमेला आहे, पाऊसही थेट लागतो.
(एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : टेपच्या भानगडीत पडू नका. कोरीव कडेला टेप नीट बसत नाही आणि स्टेन पातळ असतो, तो खालून शिरतोच. आणि आधी तुकड्यावर बघितलंत ते फार बरं केलंत.

काळपट डाग कुठे पडलेत ते जरा निरखून बघा. पाटीवर लाकडाचे रेषे आडवे असतात, त्यामुळे शिरोरेषेच्या वरच्या-खालच्या बाजू रेषांच्या दिशेने कापलेल्या असतात पण कान्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना रेषे आडवे तुटलेले असतात, आणि तुटलेली टोकं रंग नुसती पितात. म्हणून एकाच अक्षरात शिरोरेषेची कड फिकी आणि कान्याची कड काळी दिसते. 'क'ची गाठ, वेलांटीच्या आतली खाच, तिथे तर स्टेन साचूनच राहतो.

यावर उपाय सँडिंग सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा पातळ लेप. आधी पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने मारा, १२० नंबरचा मग १८०, अक्षरांच्या माथ्याला २२० (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). फार गुळगुळीत करू नका, नाहीतर जमीन स्टेन धरणार नाही. सागवानात तेल असतं म्हणून थिनरच्या फडक्याने एकदा पुसून घ्या. मग सीलरमध्ये तेवढंच थिनर घालून पातळ करा आणि बारीक ब्रशने फक्त अक्षरांचे माथे आणि कडा सील करा, जमिनीवर थेंब पडू देऊ नका कारण जिथे सीलर लागेल तिथे स्टेन धरत नाही. वाळल्यावर माथ्यांवर अजून एक हात. आता जमिनीवर स्टेन लावा, थोडा थोडा भाग घेऊन, लगेच कापडाने पुसत, आणि कोपऱ्यात साचलेला कोरड्या ब्रशने उचलून घ्या. स्टेन पिगमेंटचा (बारीक रंगकणांचा) घ्या, डायचा (विरघळलेल्या रंगाचा) उन्हात लवकर उडतो, आणि तुमचं ऊन पश्चिमेचं आहे.

माथ्यावर चुकून स्टेन लागला तरी घाबरू नका, सीलर असल्यामुळे तो वरच राहतो. वाळला की सपाट लाकडी ठोकळ्याला ३२० चा पेपर गुंडाळून हलक्या हाताने माथ्यांवर फिरवा, अक्षरं स्वच्छ उघडी पडतात. बोटाने पेपर घासू नका, कडा गोल होतात आणि उठावाची सगळी मजाच जाते. सीलर न लावताच सगळं गडद करून नंतर माथे घासणारेही आहेत, पण सागवानाच्या उघड्या छिद्रांत रंग खोल बसतो, मग अक्षरांवर काळे ठिपके राहतात. मला ते काम अजिबात पटत नाही.

वरचं पॉलिश बाहेर चालणारं पीयू (पॉलियुरेथेन) घ्या, डब्यावर एक्स्टीरियर लिहिलेलं, आणि त्यात मिसळायचं हार्डनर डब्यावर सांगितलंय त्याच मापात. मेलामाईन आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर ही पॉलिशं घरातल्या फर्निचरला ठीक. चपड्याचं स्पिरिट पॉलिश दिसतं सुंदर पण पाणी लागलं की पांढरं पडतं. जमलं तर हे सगळं जूनच्या आधी उरका, दमट हवेत लॅकर पांढुरकं होतं.

आणि लोक हमखास विसरतात ते म्हणजे पाटीची मागची बाजू. समोर तीन हात आणि मागे कोरी ठेवली तर पावसात मागून ओल शिरते आणि पाटी वाकते. मागे, खालच्या कडेला, स्क्रूच्या भोकांतसुद्धा पीयू गेलंच पाहिजे. बसवताना भिंत आणि पाटी यांच्यामध्ये जाड वॉशर टाका, म्हणजे हवा खेळती राहील. पुढे चमक गेली की लगेच ३२० ने हलकं घासून एक हात मारून घ्या, पापुद्रे सुटेपर्यंत थांबलात तर सगळं खरवडावं लागेल.

प्रश्न : पंचवटीतल्या आमच्या वाड्याची आजोबांच्या वेळची पाटी आहे, ऑइल पेंटचे इतके थर बसलेत की अक्षरं बुजलीत. कास्टिक सोड्याने काढू की गरम हवेच्या ब्लोअरने जाळू?
(एक वाचक, पंचवटी)

उत्तर : दोन्ही नको, प्लीज. कास्टिकने सागवान काळं पडतं आणि ते छिद्रांत राहिलं तर वरचं नवीन पॉलिशही धरत नाही. आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. म्हणून जाळायचं नाही आणि कोरडं घासायचंही नाही. पेंट रिमूव्हर लावा, उघड्या जागी, ग्लोव्हज आणि चष्मा घालून, लहान मुलांना लांब ठेवून. रंग फुगला की माथ्यांवरचा प्लास्टिकच्या पट्टीने काढा आणि खाचांतला बांबूच्या टोकदार काडीने. पटाशी लावू नका, जुन्या वेलांट्यांचे निमुळते भाग चटकन उडतात. एका वेळी एकच अक्षर घ्या. निघालेला रंग कागदात गुंडाळून बंद डब्यात ठेवा, अंगणात झाडू नका. आणि खाली लाकूड वयाने गडद झालेलं निघालं तर स्टेन लावूच नका, तो रंग विकत मिळत नाही, नुसतं बाहेरचं पीयू मारा.