हायवेवर ओव्हरटेक करायला गेलं की पुढचा अचानक वेग वाढवतो किंवा लेनमधून डुलतो. अशा वेळी काय करावं?

सगळ्यात आधी, घाई न करता त्याच्या मागे थोडा वेळ थांबून बघा. गाडी लेनच्या पट्ट्यावर सरकतेय, ब्रेक लाइट उगाच लुकलुकतोय, वेग ८० ते १०० मध्ये खालीवर होतोय, म्हणजे स्वारी बहुधा फोनवर आहे किंवा पेंगतेय. मागे निदान दोन सेकंदांचं अंतर ठेवा. ताशी १०० किमीला ते साधारण ५५ मीटर होतं.

खरा धोका शेजारी रेंगाळण्यात आहे. वेगातला फरक फक्त १० किमी असेल, तर तुम्ही सेकंदाला जेमतेम २.८ मीटर पुढे सरकता. १५ मीटरचा ट्रक असेल तर तुमच्या गाडीची लांबी धरून सहा-सात सेकंद त्याच्या बाजूला, त्यातला बराच वेळ त्याच्या आरशात न दिसणाऱ्या जागेत. म्हणून पुढची लेन मोकळी दिसेपर्यंत मागेच थांबा आणि मग वेगमर्यादेत राहून न रेंगाळता पुढे निघा. बाजूने जाताना त्याच्या पुढच्या चाकावर नजर ठेवा. इंडिकेटर लागेलच असं नाही, पण चाक वळल्याशिवाय गाडी सरकत नाही.

आणि तुम्ही शेजारी आल्यावरच वेग वाढवणारे महाभाग? (हे बऱ्याचदा नकळत होतं, पण सगळ्यांचं नाही.) शर्यत लावू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, आरसा बघा, परत त्याच्या मागे या. तो पुढे निघून गेला तर उत्तमच, तुमचं काम झालं.