वाचकांचे प्रश्न : गाडी उचलायची ती किती आणि कशाने?

प्रश्न : माझ्याकडे पाच दारांची मारुती जिमनी आहे. देवरुखजवळच्या आमच्या काजूच्या बागेकडे जाणाऱ्या वाटेचा शेवटचा टप्पा जांभ्याच्या सड्यावरून आणि पावसाने पाडलेल्या चरांतून जातो आणि तेथे गाडी खालून घासते. एका गॅरेजने ७५ मिलिमीटरचे लिफ्ट किट सुचवले आहे. दुसऱ्याच्या मते मूळ स्प्रिंगांवर ४० मिमीचे स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, घातले तरी काम भागेल. पुढे लोखंडी बंपर आणि विंचही (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी) बसवायचा आहे. काय निवडावे, आणि किटमध्ये कोणते भाग असायलाच हवेत?
— एक वाचक, देवरुख

उत्तर : गाडीचा नेमका कोणता भाग घासतो हे आपण लिहिलेले नाही, आणि सारी निवड त्यावरच ठरते. जिमनीला पुढे आणि मागे अखंड अ‍ॅक्सल आहेत. स्प्रिंग बदलून उचलली जाते ती चासी आणि बॉडी; अ‍ॅक्सल चाकांना जोडलेला असल्यामुळे तो होता तेथेच राहतो. चरांमधल्या उंचवट्यावर डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा, गोळा घासत असेल, तर ७५ मिमीच्या किटनेही तो एका मिलिमीटरने वर जाणार नाही. त्याला वर नेतो तो फक्त टायर, आणि तोही व्यासातल्या वाढीच्या निम्म्याने. मूळच्या १९५/८० आर १५ टायरचा व्यास साधारण ६९३ मिमी येतो, तर २१५/७५ आर १५ चा ७०३ मिमीच्या आसपास; म्हणजे गोळ्याखाली जेमतेम पाच मिमी मिळतात. २३५/७५ घेतल्यास वीस मिमी मिळतील, पण मूळच्या साडेपाच इंची रिमसाठी तो टायर रुंद पडतो, स्पीडोमीटर सहा टक्क्यांच्या आसपास कमी वेग दाखवू लागतो आणि इंजिनावरचा ताण चढावर लगेच जाणवतो.

पोट, म्हणजे दोन अ‍ॅक्सलांमधला चासीचा आणि ट्रान्सफर केसखालचा (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीखालचा) भाग, घासत असेल तर मात्र लिफ्टचा उपयोग आहे, आणि माझा अंदाज तोच आहे. तीन दारांच्या जिमनीचा व्हीलबेस २२५० मिमी, आपल्या गाडीचा २५९०. पुढून ३६ अंश आणि मागून ५० अंश हे कोन ऐसपैस आहेत. मधला, म्हणजे उंचवटा ओलांडण्याचा कोन मात्र २४ अंशांचाच आहे. चासी ४० मिमीने वर गेली की या कोनात सुमारे साडेतीन अंशांची भर पडते, ७५ मिमीने साडेसहाच्या आसपास. सड्यावरच्या रस्त्यासाठी पहिली भर पुरेशी आहे, आणि दुसरीची किंमत तिच्या लाभाच्या मानाने फार जास्त आहे.

ही किंमत केवळ पैशांची नाही. पुढचा अ‍ॅक्सल ज्या दोन आर्म्सनी चासीला धरलेला असतो त्या मागून पुढे येतात; चासी वर गेली की त्यांची पुढची टोके तुलनेने खाली कलतात, त्यांच्याबरोबर अ‍ॅक्सलही किंचित फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे असलेला कल, कमी होतो. परिणामी वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि महामार्गावर गाडी भरकटल्यासारखी वाटते. ४० मिमीपर्यंत हा फरक बहुधा सहन करण्याजोगा असतो किंवा आर्ममध्ये केंद्र सरकवलेले बुश घालून भरून काढता येतो. ७५ मिमीला वेगळ्या आर्म्स, लांब ब्रेक होज, लांब किंवा कमीजास्त करता येणारे पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारे आडवे दांडे) आणि बऱ्याचदा प्रोपेलर शाफ्टच्या कोनाची दुरुस्ती ही सगळी यादी ओघानेच येते. यांपैकी निम्मेच भाग घातलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्या दिसतात रुबाबदार, पण त्या ताशी ऐंशीने चालवायला कोणी उत्सुक नसतो.

पॅनहार्ड रॉडची गरज आहे की नाही हे घरच्या घरी पाहता येते. गाडी सपाट जागी उभी करून चाकावरच्या कमानीच्या मध्यातून ओळंबा सोडावा, दोरीपासून रिमच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. जो फरक येईल त्याच्या निम्म्याने अ‍ॅक्सल बाजूला सरकला आहे. लिफ्ट करण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा मोजले, तर कोणाच्या सांगण्यावर विसंबून राहावे लागत नाही.

आता स्पेसर. त्याने उंची मिळते, पण स्प्रिंगची ताकद तीच राहते, आणि आपण पुढे बंपर व विंच बसवणार आहात. समजा, त्यांनी पुढच्या बाजूला ७० किलो वाढले, म्हणजे प्रत्येक स्प्रिंगवर ३५ किलो, म्हणजेच सुमारे ३४३ न्यूटन. स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला १८ न्यूटन लागतात असे धरले, तर ती १९ मिमी खाली बसेल आणि ४० मधले २१ मिमीच हाती राहतील. प्रत्यक्षात बंपर अ‍ॅक्सलच्याही पुढे असल्यामुळे भार याहून थोडा अधिकच पडतो. म्हणून आधी वजन ठरवावे आणि मग स्प्रिंग मागवावी. बंपर, विंच आणि नेहमीचे सामान चढवून झाल्यावर गाडी चिऱ्यांचे ट्रक जेथे तोलतात त्या वजनकाट्यावर न्यावी, फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन एक नोंद आणि फक्त मागची घेऊन दुसरी नोंद करावी. काटा पाच-दहा किलोंनी इकडेतिकडे दाखवील, ते चालते. विक्रेत्याला 'मीडियम की हेवी' असे विचारण्यापेक्षा हे दोन आकडे सांगावेत. मागे कायमचे वजन नसेल, तर तेथे 'हेवी' स्प्रिंग घेण्याचा मोह टाळावा. रिकामी गाडी मागून उंच राहते आणि खडीवर उड्या मारते.

स्प्रिंगबरोबर शॉकअप जुळते हवेत, आणि येथे काटकसर करू नये. मूळ शॉकअप पूर्ण उघडल्यावर चाकाला आणखी खाली जाऊ देत नाही. स्प्रिंग उंच केली आणि शॉकअप तोच ठेवला, तर चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी हवेत लोंबकळते आणि प्रत्येक वेळी शॉकअपला आतून ठोका बसतो. उलट, लांब शॉकअप बंद अवस्थेतही लांब असेल, तर अ‍ॅक्सल बंप स्टॉपला (त्याला फार वर जाऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकण्याआधी शॉकअपच शेवटाला जातो आणि फुटतो. म्हणून फिटरने स्प्रिंग काढून, जॅकच्या साहाय्याने अ‍ॅक्सल बंप स्टॉपला भिडवून, वरच्या आणि खालच्या बोल्टमधले अंतर मोजलेच पाहिजे. शॉकअपची बंद लांबी त्याहून किमान दहा-पंधरा मिमी कमी हवी. ती तशी नसेल तर बंप स्टॉप तेवढा वाढवावा. याच वेळी चाक पूर्ण लोंबत ठेवून ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे पाहून घ्यावे.

म्हणून माझा सल्ला असा : वजनाप्रमाणे निवडलेल्या ४० मिमीच्या स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉकअप, कॅस्टर मोजून गरज असल्यास बुश, आणि ट्रान्सफर केसखाली एक जाड स्किड प्लेट, म्हणजे दगडांचा घाव झेलणारा पत्रा. विंचचा निर्णय थोडा पुढे ढकलता आला तर उत्तम. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे मागवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

प्रश्न : २०२१ ची थार आहे. पुढच्या स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्रित खांबावर) स्पेसर घालून घेतल्यापासून एका बाजूच्या सीव्ही जॉइंटचे, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या वळत्या सांध्याचे, रबरी बूट दोनदा फाटले. गॅरेजवाले बूट निकृष्ट होते असे म्हणतात.
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोनदा फाटले म्हणजे बूटला दोष देऊन भागणार नाही. नव्या थारला पुढे डबल विशबोनचे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म असलेले, स्वतंत्र सस्पेन्शन आहे. मागे अखंड अ‍ॅक्सल. वरच्या उत्तरातले अ‍ॅक्सलचे गणित आपल्या पुढच्या चाकांना लागू पडत नाही, कारण येथे डिफरन्शियल चासीबरोबर वर जातो आणि चाकांकडे जाणारे शाफ्ट तिरके होतात. शिवाय स्ट्रट चाकाच्या बराच आत, खालच्या आर्मवर बसलेला असल्यामुळे स्पेसरची जाडी जेवढी, त्याहून चाकापाशी उंची जास्त वाढते. वीस मिमीची चकती म्हणजे वीस मिमीची लिफ्ट असे धरणे चूक आहे.

गाडी चासीखाली स्टँड लावून उचलावी, पुढची चाके पूर्ण लोंबू द्यावीत, स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवून चाक हाताने सावकाश फिरवावे आणि टॉर्च घेऊन बूटच्या घड्या पाहाव्यात. घड्या एकमेकींवर घासत असतील किंवा जॉइंट अडखळत असेल, तर कोन मर्यादेबाहेर गेला आहे. वरची आर्म स्प्रिंगला टेकते का, तेही तेथेच दिसेल. उपाय दोन आहेत : स्पेसर पातळ करणे, किंवा स्पेसर काढून टाकून चाक किती खाली लोंबावे याची मर्यादा शॉकअपनेच राखली जाईल असा स्प्रिंग-शॉकअपचा संच आणि अलाइनमेंट जुळवता येईल अशी वरची आर्म घेणे. मी पहिल्या उपायापासून सुरुवात करीन. फाटलेल्या बूटमधून चिखल आत गेला असल्यास जॉइंट उघडून धुतल्याखेरीज नवे बूट चढवू नये.

प्रश्न : जुन्या जिप्सीचे पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेऊन गाडी उचलावी, की लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या) घालावेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : शेताकडे आणि घाटात जाण्यापुरता वापर असेल तर दोन्ही नकोत. पाटे अ‍ॅक्सलच्या वर नेले की उंची एकदम पाच इंचांच्या आसपास वाढते. अ‍ॅक्सल हाउसिंगवर नव्या बैठकी वेल्ड कराव्या लागतात आणि ते काम घाईने झाले तर हाउसिंगच वाकते. चढावर जोर देताना पाटे पिळले जातात, आणि स्टिअरिंगचा लांब रॉड इतका तिरका होतो की खड्ड्यात चाक वर-खाली होताच गाडी आपोआप वळू पाहते. लांब शॅकलने मिळणारी उंची शॅकलमधल्या वाढीच्या साधारण निम्मी असते, आणि कॅस्टर बदलतो तो वेगळाच.

जिप्सीचे मूळ पाटे इतक्या वर्षांत बहुधा सपाट झाले असतील. आधी नव्या गाडीची उंची परत मिळवावी : पाटे नवे घ्यावेत किंवा कमान भरून घ्यावेत, बुश आणि शॅकलच्या पिना बदलाव्यात, यू-बोल्ट मात्र जुने वापरू नयेत. एवढ्यानेच गाडी वर आलेली दिसेल. त्यानंतर शंभरेक किलोमीटर चालवून, गाडी चाकांवर उभी असताना, यू-बोल्टचे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने आवळून घ्यावेत, कारण नव्या पाट्यांच्या थप्पीमधली जागा दबली की ते हमखास सैल पडतात.