वाचक विचारतात : मॅस्टोडॉनच्या सर्व्हरला हातभार कसा लावायचा?

प्रश्न : मी वर्षभर मॅस्टोडॉन (ट्विटरसारखं, पण अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून चालणारं समाजमाध्यम) वापरते. जाहिराती नाहीत, वर्गणीही नाही. आमचा सर्व्हर तीन-चार जण नोकरी सांभाळून चालवतात असं कळलं. मला प्रोग्रामिंग येत नाही. त्यांना मदत कशी करू? आणि त्यांनी सर्व्हर बंद केला तर माझं खातं बुडणार का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी पैशांचं. सर्व्हरच्या ‘अबाउट’ पानावर देणगीची सोय आणि बऱ्याचदा खर्चाचा तपशीलही असतो. खर्च फक्त तुमच्या मजकुराचा नसतो. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांचे फोटो-व्हिडिओ त्यांच्या सर्व्हरवरून तुमच्या सर्व्हरवर उतरतात आणि डिस्क भरत जाते. चालक अशा जुन्या उतरवलेल्या प्रती (कॅश) वेळोवेळी साफ करतात, तरी जागेचं भाडं दर महिन्याला द्यावंच लागतं. म्हणून थोडी पण नेमाने दिलेली रक्कम त्यांना जास्त उपयोगी पडते. अडचण इतकीच, की रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (कार्डातून आपोआप पैसे कापायला ग्राहकाने आधी दिलेल्या मंजुरीचे) नियम 2021 च्या ऑक्टोबरपासून लागू झाले आणि तेव्हापासून परदेशी साइटवर भारतीय कार्डातून आपोआप जाणारे मासिक हप्ते अनेकदा अडकतात. तसं झालं तर वर्षाची रक्कम एकदम द्या.

पैशांपेक्षा जास्त टंचाई मॉडरेशन करणाऱ्या, म्हणजे तक्रारी तपासून त्यावर कारवाई करणाऱ्या माणसांची आहे आणि तिथे तुमचं मराठी कामाला येतं. समजा, कुणी जातीवरून शिवी दिली आहे, तीही मधलं अक्षर फुली मारून. मराठी न येणाऱ्या मॉडरेटरला त्यात काहीच दिसणार नाही. रिपोर्ट करताना ती पोस्ट निवडा, मोडलेला नियम निवडा आणि शेरा म्हणून इंग्रजीत दोन ओळी लिहा : शब्दाचा अर्थ काय, तो कोणाला उद्देशून आहे. लिहिणारा दुसऱ्या सर्व्हरवरचा असेल तर तक्रार तिकडेही पाठवण्याचा पर्याय सुरू करा. पोस्ट न जोडता नुसतं ‘हा माणूस त्रास देतो’ लिहिलं, तर मॉडरेटरला सगळं खातं उपसत बसावं लागतं.

गर्दीच्या वेळी पोस्ट उशिरा पोचतात. 2022 च्या नोव्हेंबरात ट्विटरवरून लोंढा आला तेव्हा अनेक सर्व्हरवर हेच झालं. अशा वेळी तीच पोस्ट पुन्हा टाकू नका. पाठवायच्या पोस्टची रांग आणखी वाढते.

आता खात्याचं. सर्व्हर चालू असेपर्यंत स्थलांतर सोपं आहे. नव्या सर्व्हरवर खातं उघडा, त्याच्या सेटिंगमध्ये जुन्या खात्याचा पूर्ण पत्ता (@नाव@सर्व्हर) ‘एलियस’ (तुमचंच दुसरं नाव) म्हणून नोंदवा आणि मगच जुन्या खात्यात जाऊन ‘मूव्ह’ करा. क्रम उलटला किंवा पत्त्यातलं सर्व्हरचं नाव राहिलं तर ते होत नाही. फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत आणि पुढचे 30 दिवस पुन्हा हलता येत नाही. मात्र सर्व्हर अचानक कायमचा बंद झाला, तर ‘मूव्ह’चा संदेश पाठवायला जुनं खातंच उरत नाही आणि फॉलोअर जातात. तेव्हा ज्यांना फॉलो करता त्यांची यादी (सीएसव्ही फाइल) ‘इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट’मधून आजच उतरवा. पोस्टचं आर्काइव्हही (साठवलेली प्रत) तिथेच मागता येतं, सात दिवसांतून एकदा. पण ते नव्या सर्व्हरवर चढवता येत नाही, फक्त तुमच्याजवळ राहतं.

जॉइनमॅस्टोडॉन डॉट ऑर्ग या मॅस्टोडॉनच्या अधिकृत साइटच्या यादीतल्या सर्व्हरनी काही अटी मान्य केलेल्या असतात : रोजचा बॅकअप, अडीअडचणीला सर्व्हर हाताळू शकेल अशी आणखी किमान एक व्यक्ती आणि बंद करायच्या आधी तीन महिन्यांची सूचना. तुमचा सर्व्हर त्या यादीत नसेल, तर चालकांना या तीनच गोष्टी सरळ विचारा. एकच माणूस सगळं ओढत असेल, तर मराठी तक्रारी तपासायला मी येते, असं त्याच पत्रात कळवा.