‘सोनं झालं’ म्हणतात, मग मला का एवढं लागतंय?

“नव्वदीची होती. येणारा प्रत्येकजण ‘सोनं झालं’ म्हणतो. मग मलाच का एवढं लागतंय, मॅडम?” साठीला टेकलेल्या बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) हे अगदी अपराध्यासारखं विचारत होत्या. आई जाऊन दोन महिने झालेले. तिच्या पहाटेच्या गोळीसाठी त्यांना अजून 5 वाजता जाग येत होती.

हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. आईचं वय सगळे मोजतात. 58 वर्षं जी कुणाची तरी लेक होती, तिची वर्षं कुणी मोजत नाही. ‘सोनं झालं’ हे बोलणाऱ्याच्या सोयीचं वाक्य आहे, असं माझं मत. 6 महिन्यांनंतरही दिवस रेटता येत नसेल, किंवा कधीही जगणंच नको वाटू लागलं, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना गाठायलाच हवं. यांचं तसं नव्हतं.

रुखरुख वेगळीच होती. आई लग्नाआधी, 1965 च्या युद्धात, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होती. घरात त्याबद्दल चकार शब्द नाही. “मीही कधी विचारलं नाही. आता तिच्या आठवणींच्या कार्यक्रमात काय बोलू? जवळ घेणारी आई नव्हती ती. ताप आला की मनगट धरून बसायची, घड्याळाकडे बघत.”

भाषण राहू द्या, तिची एखादी वस्तू आणा, म्हटलं. पुढच्या खेपेला डबीतून रक्षा पदक निघालं, त्या युद्धाच्या वेळी सैन्यात असलेल्यांना दिलेलं, नारिंगी फितीचं. सैन्याच्या पदकाच्या कडेवर नाव ठोकलेलं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. भिंग काढलं. लेफ्टनंट, आणि पुढे आईचं माहेरचं आडनाव. त्या पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या.

मग मी सांगितलं, 23 सप्टेंबरला युद्धबंदी झाली म्हणून वॉर्ड रिकामे होत नाहीत. भाजलेले, पाय गेलेले जवान महिनोन्महिने तिथेच असतात. रात्रपाळीच्या सिस्टरचा हात सारखा कुणाच्या ना कुणाच्या नाडीवर.

“तुमचं मनगट किती वेळ धरायच्या?”

“खूप वेळ. मला झोप लागेपर्यंत.”

“नाडी मोजायला एक मिनिट पुरतं,” एवढंच म्हटलं.

कार्यक्रमानंतर त्यांचा फोन आला. चारच मिनिटं बोलल्या होत्या, माहेरच्या नावापासून सुरुवात करून. पदक हातोहात फिरलं. “परत आलं तेव्हा चांगलं कोमट झालं होतं हो,” म्हणाल्या.