बीटी मका पहिल्यांदा लावताना आश्रयपट्टा टाळू नका

बीटी मका, म्हणजे एका जिवाणूच्या जनुकामुळे अळ्यांना मारणारे प्रथिन स्वतःच तयार करणारा मका, पहिल्यांदाच लावणाऱ्यांना त्याच्याजवळ पेरायचा बिगर-बीटी मक्याचा आश्रयपट्टा म्हणजे वाया घालवलेली जमीन वाटते. मलाही तसेच वाटले होते. मात्र बीटी झाडांवर जगून निघालेल्या मोजक्या प्रतिकारक पतंगांना जोडीदार म्हणून जवळपास संवेदनशील (बीटी प्रथिनाने मरणाऱ्या जातकुळीचे) पतंगच भरपूर मिळाले, तर त्यांची बहुतेक संतती पुन्हा बीटी प्रथिनाला बळी पडते, आणि हे संवेदनशील पतंग त्या पट्ट्यातच तयार होतात. म्हणूनच दोन्ही वाण एकाच सुमारास फुलोऱ्यावर येणारे निवडा, पेरणी एकाच वेळी करा आणि पट्ट्यावर बीटी कीटकनाशक कधीही फवारू नका. पट्ट्याचे प्रमाण व अंतर बियाण्याच्या पिशवीवर दिलेले असते, ते तंतोतंत पाळा.

दक्षिण आफ्रिकेत क्राय१एबी या एका बीटी प्रथिनाच्या मक्यावर खोडकिडा जगू लागल्याची नोंद २००७ मध्ये झाली आणि आश्रयपट्ट्याकडे झालेले दुर्लक्ष हे त्यामागचे एक कारण मानले गेले. त्यामुळे शक्य असेल तिथे एकाच किडीविरुद्ध दोन वेगळी प्रथिने असलेले वाण घ्या. मूळकिडीचा त्रास असेल तर त्या शेतात सलग मका घेणे थांबवा.

दर आठवड्याला पोंगे उघडून पाहा. बारीक, खरवडल्यासारखे ओरखडे दिसले तर घाबरू नका, कारण अळी थोडे खाल्ल्यावरच मरते. परंतु ताजी, ओलसर विष्ठा आणि मोठी अळी सापडली, तर आधी ते झाड खरोखर बीटी आहे का हे चाचणीपट्टीने तपासा आणि मगच बियाणे पुरवठादाराला व कृषी अधिकाऱ्याला कळवा.